शेवटचा विषय

“सर, दिवस बुडायला आला. जावा की घरला,” अध्यक्ष मारुतीराव हसत म्हणाले. “वहिनी ताट वाढून बसल्या असतील.”

जिनेंद्र उठले नाहीत. निपाणीजवळच्या या लहानशा गावाच्या नियोजन समितीवर ते वास्तुरचनाकार म्हणून आले, तेव्हापासून मोकळ्या जागांचे विषय नेहमी शेवटी येत. जैन घरातला हा माणूस दिवस मावळायच्या आत जेवतो, नंतर पाण्याचा घोटही घेत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते उठून गेले की राहिलेले विषय पटापट मंजूर होत. बाग अशीच गेली, शाळेचं मैदानही. बेळगावात खडेबाजारातल्या कचेरीत बसून त्यांनी आयुष्यभर गावांचे आराखडे काढले. आराखडे कागदावरच राहिले; उभे राहिले ते बंगले आणि मंगल कार्यालयं.

आज तळ्याची पाळी होती.

फोन वाजला. “भाकरी टाकू काय?” त्यांच्या पत्नी अनुराधाबाईंनी विचारलं.

“नको. आज बसणार हाय.”

“बसा मग. मी घेते जेवून. दोघं उपाशी राहून तळं वाचणार न्हाय.”

खिडकीतलं ऊन गेलं. वडे आले. कुणीतरी प्लेट नकाशावर ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली.

“तळं कोरडंच असतंय सर,” सदस्य रवळू म्हणाला. “पोरं क्रिकेट खेळत्यात तिथं. प्लॉट पाडले तर कुणाचं काय जातंय?”

“माळावरचं पाणी उतारानं कुठं येतंय, रवळू? तळ्यात. तळं बुजवलं म्हणून ते वरच थांबंल व्हय? तुझ्या गल्लीत शिरंल.” लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी नकाशावर बोट फिरवून दाखवलं.

“ते बघू की तवा,” वडा मोडत रवळू म्हणाला. सगळे हसले.

प्लॉटच्या बाजूनं हात वर झाले. विरोधात एकच.

“झालं सर. घ्या हात खाली,” कारकून सौरव म्हणाला.

“काय लिहिलंस?”

“बहुमतानं मंजूर.”

“माझा विरोध लिही. कारणासकट.”

“कोण वाचणार हाय ते, सर?” मारुतीराव जांभई देत म्हणाले. “पाणी तरी घ्या. घसा बसलाय तुमचा.”

“नको. लिही बाळ.”

सौरवनं पुन्हा पेन उघडलं. जिनेंद्र कोरड्या घशानं एकेक शब्द सांगत गेले. खुर्च्या सरकल्या, माणसं निघाली. शेवटचा शब्द कागदावर उतरेपर्यंत त्यांचा हात वरच होता.