बांधापलीकडची गोपनीय मुलाखत

शेतमजूर पुरवणाऱ्या ठेकेदारांना ‘सुरक्षित काम’ असं प्रमाणपत्र देणं हा माझा व्यवसाय. मजुरांशी ठेकेदाराच्या माघारी बोलायचं, हा नियम मी काटेकोरपणे पाळतो. म्हणून मी ठेकेदाराच्याच जीपमधून उतरलो, त्यानेच दिलेली खुर्ची बांधापलीकडे मांडली आणि एका बाईंना बोलावलं.

“मोकळेपणाने बोला, ताई.”

“तुम्ही त्यांचे मेहुणे ना?”

ओळखपत्र दाखवून मी कशीबशी सोयरीक मोडली. मग त्यांनी सोललेली बोटं पुढे केली. औषधाची फवारणी वाळायच्या आतच त्यांना तोडणीला उतरवत होते.

“तुमचं नाव गुप्त राहील,” मी रुबाबात म्हणालो.

“एकटीला बोलावलंत, साहेब. तक्रार कोणी केली हे न कळायला ठेकेदार काय कुकुलं बाळ आहे? उद्या माझं काम गेलंच म्हणून समजा.”

गोपनीयतेवर मी इतरांना प्रशिक्षण देतो.

मग उरलेल्या सगळ्यांनाच एकेक करून बोलावलं. बोटं सगळ्यांचीच सोललेली होती. काम खोळंबलं तसा ठेकेदार तणतणत आला.

“नक्की कोण बोललं?”

“सगळेच. प्रमाणपत्र मिळणार नाही.”

माझा आवाज चिरका निघाला, पण निघाला.