सेल्वीचा परकर

वादळानंतरच्या पोंगलला राजम तंजावूरच्या मुलींच्या आश्रमाच्या दारात येऊन उभी राहिली. दहा-अकरा वर्षांची, काटक पोर. कडेवर विटक्या परकरातली, चारेक वर्षांची धाकटी.

आश्रमाच्या व्यवस्थापक भागीरथीबाई बाहेर आल्या. घरी मराठी बोलणाऱ्या बाई आश्रमातल्या पोरींशी तमिळच बोलत. "नाव काय गं तुझं?"

"राजम. ही सेल्वी. आम्ही समुद्राकडचे. वादळात घर गेलं, अम्माही गेली. अप्पा काम शोधायला म्हणून गेला, तो आलाच नाही. आता स्टेशनाबाहेर राहतो." मग एक पाऊल मागे सरून ती म्हणाली, "दोघींना ठेवणार असाल तरच आत येते."

"दोघींना ठेवते. ये."

राजम कामाला वाघ निघाली. पाणी भरायची, केर काढायची, अक्षरंही भराभर गिरवायची. फक्त सेल्वीला मात्र ती कुणाला हात लावू देत नसे. आंघोळ तीच घाली, इवलीशी वेणीही तीच घाली. स्वयंपाक करणाऱ्या शेषम्मा कौतुकाने म्हणत, "सख्खी आईसुद्धा इतकं करायची नाही."

एके दिवशी सकाळी मुली अंगणात दात घासत होत्या. राजम विहिरीवर होती. सेल्वी उठून आली, डोळे चोळत नारळाच्या बुंध्याशी गेली, परकर वर केला आणि उभ्याउभ्याच धार सोडली.

अंगणभर हसू फुटलं. शेषम्मांच्या हातातलं सूप खाली पडलं. राजम तेवढी हसली नाही. कळशी टाकून ती धावत आली, भावाला उचललं आणि तडक फाटकाकडे निघाली.

"कुठे चाललीस?" बाईंनी हाक मारली.

"स्टेशनावर. आता याला मुलांच्या आश्रमात पाठवाल ना? दुसऱ्या एका गावात तेच केलं होतं. मला इकडे, याला तिकडे. रडून रडून ताप भरला याला. मी भिंत चढून गेले आणि याला घेऊन पळाले." तिचा आवाज चढला. "स्टेशनावरची पोरं तुम्हाला बघून का लपतात, ठाऊक आहे? प्रत्येकाचं कुणी ना कुणी आहे, अम्मा!"

बेघर मुलींना आश्रमात आणायला बाई दर आठवड्याला स्टेशनावर जात, पण तिथली पोरं त्यांना बघून लपत. पोरं उनाड आहेत, त्यांना शिस्त नको असते, असंच त्या आजवर धरून चालल्या होत्या. आपलं चुकलं हे त्यांना त्या फाटकातच उमगलं, आणि एकदा उमगल्यावर बाई रेंगाळणाऱ्यातल्या नव्हत्या.

"याचं खरं नाव काय?"

"सेल्वम."

"शेषम्मा, सेल्वमला एखादी चड्डी शोधा. राजम, संध्याकाळी दोघं माझ्याबरोबर आश्रमाच्या समितीपुढे चला."

समितीचे अध्यक्ष तुळजारामराव जुने वकील. घरच्या मराठीतच ते म्हणाले, "भागीरथीबाई, मुलींच्या आश्रमात मुलगा चालत नाही. नियम स्वच्छ आहे."

"नियम मुलींच्या भल्यासाठी केला ना, राव? त्याच नियमापायी ही मुलगी एकदा रस्त्यावर गेली. आपण छप्पर देतो आणि तिचं उरलेलं एकुलतं माणूस काढून घेतो."

"आणि तो मोठा झाला म्हणजे?"

"सात वर्षांचा होईतो इथे. मग याच गावातल्या मुलांच्या वसतिगृहात, दर रविवारी बहिणीची भेट. हे आत्ताच ठरवून टाकू."

राव राजमकडे वळले आणि तमिळमध्ये म्हणाले, "याला पाठवलं तर तू काय करशील?"

"पळून जाईन. याला घेऊनच."

रावांना हसू आवरेना. "एवढे दिवस परकरात लपवलास, आणि आता सगळं तोंडावर सांगतेस!" मग ते गंभीर झाले. "ठीक आहे. पण जबाबदारी तुमची, बाई."

"माझीच आहे ती."

दुसऱ्या दिवशी दोघी सेल्वमला घेऊन स्टेशनाकडे गेल्या. बाई नेहमीच्या जागी न थांबता मागे राहिल्या, बोलणं राजमवर सोपवलं. मालडब्यांच्या आडून कुणी येईना. तेव्हा राजमने ढगळ चड्डीतल्या सेल्वमला सगळ्यांसमोर उभं केलं. "बघा! हा माझ्यापाशीच राहतो आता. अम्मांनी मोठ्या लोकांशी भांडून ठरवलंय."

बऱ्याच वेळाने एक मुलगी पुढे आली. एका हाताला बहीण, कडेवर रांगतं बाळ. राजमला सोडून ती सरळ बाईंनाच म्हणाली, "आम्ही तिघं आहोत."

"तिघंही चला."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर परत या. फाटकाला दिवसा कुलूप नसतं."

मुलीने बाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "बरं. आधी जेवून बघते."