नकाशात नसलेली खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. कुणाकडे तोंड करून बोलतेय, ते मात्र छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण मी फिरती आहे. साध्या खुर्चीला एक पुढची बाजू असते, त्यामुळे तिला एक मतही असतं. मला कुणी जरासा धक्का दिला की माझं मत बदलतं. माझा हा दोष ध्यानात ठेवूनच पुढचं ऐकावं.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. एकाने नळ्या कापल्या, दुसऱ्याने पाच चाकं बसवली, तिसऱ्याने काळं रेक्झिन ताणून ठोकलं आणि चौथ्याने माझ्यावर बसून एक गिरकी घेतली. "चालेल," तो म्हणाला. माझ्याविषयी इतकं स्पष्ट मत नंतर कुणी दिल्याचं आठवत नाही.

तिथून मी एका कॉलेजच्या गणित विभागात गेले आणि आप्पांच्या वाट्याला आले. बावीस वर्षं ते माझ्यावर बसले. फळ्यावर मांडायचं गणित ते आधी सात वेळा तपासत. त्यामुळे सर कधीच चुकत नाहीत, असा त्यांचा लौकिक झाला. तास सुरू होण्याआधी त्यांच्या तळव्यांच्या घामाने माझे हात ओले होतात, हे फक्त मला माहीत होतं. मी कुठे बोलले नाही.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी विचारलं, "सर, आठवण म्हणून काय देऊ?"

"काही नको."

पुन्हा विचारलं. "खरंच काही नको." तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ते माझ्याकडे बघू लागले. अशी मी त्यांच्या घरी आले. आप्पांच्या 'काही नको'चा अर्थ 'आणखी एकदा विचारा' असा असतो. त्यांच्या पत्नीला, माईंना, हे पक्कं ठाऊक होतं. त्या एका दमात तीनदा विचारून मोकळ्या होत. माईंना जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा आणि सून दोघंही गुणी आहेत, पण ती एकदाच विचारतात आणि मिळालेल्या उत्तराचा मान राखतात. घरात अडचण झाली ती या मानामुळेच.

मी आप्पांच्या अभ्यासाच्या खोलीत राहत होते. यंदा ती खोली आणि दिवाणखाना यांच्यामधली भिंत पाडायचं ठरलं. भिंत गेली आणि सव्वीस फूट बाय पंधरा फुटांची एक लांबच लांब खोली झाली. आप्पांनी चौकटीतून ती पाहिली. "पाहुण्यांची छान सोय होईल," एवढंच ते म्हणाले आणि मला ढकलत घरातल्या बोळात घेऊन आले.

आता एवढ्या मोठ्या खोलीत सामान लावायचं कसं? सगळं भिंतींना चिकटवून ठेवलं तर मधे नुसतं मैदान राहतं आणि माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. सून म्हणाली, "आप्पा, नकाशा तुम्हीच काढा. तुमचा चुकायचा नाही."

आप्पांनी आलेखाचा कागद घेतला. एक फूट म्हणजे एक सेंटिमीटर, असं प्रमाण धरलं. औषधांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून प्रत्येक वस्तूचा तुकडा केला आणि त्यावर बारीक अक्षरात नाव लिहिलं. तीन जणांचा सोफा, दोन जणांचा सोफा, जेवणाचं टेबल, बुटकं पुस्तकांचं कपाट, गालिचा, उभा दिवा. खोलीचे तीन भाग केले. खिडकीकडे बैठक, स्वयंपाकघराकडे जेवण आणि उरलेल्या कोपऱ्यात वाचन. मोठ्या सोफ्याची पाठ जेवणाच्या टेबलाकडे केली, म्हणजे भिंत न बांधता दोन भाग वेगळे होतात. जाण्यायेण्याला अडीच फुटांची वाट सगळीकडून सोडली. भिंतीतल्या प्लगची जागासुद्धा दाखवली.

माझा तुकडा केला नाही.

मी त्यांच्या खालीच होते, त्यामुळे मला नीट कळलं. पुठ्ठा उरला होता. कात्री हातात होती. त्यांनी ती थोडा वेळ उघडली, मिटली आणि डब्यात ठेवून दिली. बघू या, कुणाच्या लक्षात येतं का, असा त्यांचा हिशेब असावा. माझी समजूत चुकलेलीही असू शकेल.

लक्षात आलं, आणि तेही पहिल्याच दिवशी. आप्पा अंघोळीला गेले होते. सून नकाशावर वाकली होती.

"आप्पांनी स्वतःची खुर्ची काढलेली नाही."

"विसरले असतील," मुलगा म्हणाला.

"प्लगची भोकं काढणारा माणूस स्वतःची खुर्ची विसरेल?"

"मग नको असेल त्यांना. स्वतःच्या झोपायच्या खोलीतच बरं वाटत असेल."

"तू विचार ना."

"तू विचार. सुनेवर ते रागावत नाहीत."

"तू मुलगा आहेस. तुझ्यावर रागावले तरी चालतं."

बराच वेळ अशी ढकलाढकली झाली आणि कुणीच विचारलं नाही. सुनेने मात्र एक गोष्ट केली. तीन भाग जिथे एकमेकांना भेटतात, तिथून तिने उभ्या दिव्याचा तुकडा उचलला आणि साडेतीन सेंटिमीटर जागा रिकामी ठेवली. दुपारी आप्पांनी ती पाहिली. "इथे जागा वाया गेली," असं पुटपुटून त्यांनी दिवा पुन्हा तिथे ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने उचलला. दुपारी त्यांनी ठेवला. हे नऊ दिवस चाललं. त्या दिव्याइतका प्रवास घरातल्या कुठल्याच वस्तूने केलेला नाही, आणि तो तर अजून दुकानातच होता.

दहाव्या दिवशी घरात कुणी नसताना आप्पांनी थोरल्या बहिणीला फोन लावला. आप्पांना ऐकू कमी येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो.

"ताई, तुझी मागची खोली रिकामी आहे ना? मी कायमचा यावं म्हणतो."

"अरे, ये की. भांडलात का?"

"छे. सगळे फार चांगले वागतात. तोच प्रश्न आहे."

"मग झालं काय?"

"माझी खुर्ची नकाशात नाही."

"नकाशा काढला कुणी?"

"मी."

मग ताई म्हणाल्या, "एवढा शिकलास, पण अक्कल तेवढी यायची राहिली बघ."

"शनिवारी सामान लागणार आहे," आप्पा म्हणाले. "तोवर कुणी विचारलं तर राहीन. नाही तर संध्याकाळच्या गाडीने निघतो."

त्यांनी माझाही विचार करायला हवा होता. ताईंकडे जायची गाडी म्हणजे बस. बसमध्ये फिरती खुर्ची नेता येत नाही. पण मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलावं की नाही, हे मला कधीच ठरवता आलेलं नाही.

शनिवारी मिस्त्री दोन माणसं घेऊन आला. नकाशा भिंतीला चिकटवला आणि दोन तासांत सगळं जागच्या जागी लागलं. सोफा अर्धा इंच इकडेतिकडे झाला नाही. आप्पा बोळात माझ्यावर बसले होते. पायाशी बॅग होती.

मिस्त्री घाम पुसत आला. "सर, जरा उठता का? ही कुठे ठेवू?"

आप्पा उठले. मुलाने सुनेकडे पाहिलं. सुनेने नकाशाकडे पाहिलं.

"नकाशात नाही ही," मिस्त्री म्हणाला. "नकाशात नाही ते मी ठेवत नाही बुवा, मागाहून बोलणी खावी लागतात. भंगारात घालायची असेल तर टेम्पोत जागा आहे." त्याने मला उचललंही.

"खाली ठेवा आधी!" सून एवढ्या जोरात ओरडली, की माझं एक चाक तिथेच निखळून पडलं. मग तिला बॅग दिसली. "आप्पा, ही कुठे निघाली?"

"ताईकडे. चार दिवस."

तिने चेन ओढली. "चार दिवसांना दोन स्वेटर आणि तीन महिन्यांच्या गोळ्या?"

आप्पा चष्मा पुसू लागले.

"अहो, नऊ दिवस मी ती जागा मोकळी ठेवत होते आणि तुम्ही तिथे दिवा आणून उभा करत होतात!"

"तिथे उजेड कमी पडत होता."

"उजेड? ती भिंत पाडली कशाला आपण? पाहुणे येतात किती आपल्याकडे? माई गेल्यापासून तुम्ही दिवसदिवस त्या खोलीत एकटे बसता, म्हणून पाडली!"

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कुठे?" मुलगा म्हणाला. "आणि आम्हाला वाटलं, तुमचा नकाशा आहे, तुम्ही म्हणाल ते बरोबरच."

आप्पा नकाशासमोर जाऊन उभे राहिले. मिस्त्रीची माणसं घड्याळाकडे बघू लागली. मुलगा काही बोलणार होता, सुनेने त्याच्या हाताला चिमटा काढला.

"नकाशा चुकला," आप्पा म्हणाले. "खुर्ची राहिली. मला इथे बसायचंय, तुमच्यात."

तीन वाक्यं. एकही त्यांनी आधी तपासलेलं नसावं, कारण बोलताना त्यांचा आवाज फार बारीक झाला होता.

मुलाने माझं चाक बसवलं, उलटं बसलं म्हणून पुन्हा बसवलं, दिवा वाचनाच्या कोपऱ्यात सरकवला आणि मला तीन भागांच्या मधोमध नेऊन उभं केलं. संध्याकाळी आप्पांनी ताईंना फोन केला. "मी आता गादी उन्हात घातली, चादर बदलली, आणि हा म्हणतो येत नाही!" असं म्हणून त्यांनी बराच वेळ आप्पांना धारेवर धरलं. आप्पा प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे" म्हणत होते आणि माझ्यावर बसून हळूहळू गिरक्या घेत होते.

आता मी तिथेच असते. ते बैठकीकडे वळतात, बातम्यांवर वाद घालतात. टेबलाकडे वळतात, भाजी निवडताना सुनेला नको ते सल्ले देतात आणि टोमणे खातात. वाचनाच्या कोपऱ्याकडे क्वचितच वळतात. माझं रेक्झिन दोन ठिकाणी फाटलं आहे आणि बसवलेलं चाक अधूनमधून अडतं. नव्या सामानात मी शोभत नाही, हे मला दिसतं. आणि अडीच फुटांची जी वाट सोडली होती, तिच्यात मी दीड फूट येते.

तेव्हा कधी आमच्याकडे आलात आणि तुमचा पाय मला लागला, तर राग मानू नका. मी वाटेत आहे, हे मला मान्य आहे. पण मला तिथून हलवू नका. जरा वळसा घालून जा.