पंडितभाऊंचा इंजेक्टर

रेडिओच्या सुट्या भागांचा दुकानदार गौतमचंद याने बिघाड शोधायचे, पेनाएवढे दोन सिग्नल इंजेक्टर काउंटरवर ठेवले आणि पंडितने चकचकीत क्लिपवाला उचलला. मागे उभी असलेली त्याची बायको प्रमिला हलकेच खोकली. पंडितने तो खाली ठेवून दुसरा, काळा उचलला.

"बरोबर! तो फक्त आवाजाच्या भागाला चालतो. हा रेडिओच्या पार पहिल्या टप्प्यापर्यंत सूर सोडतो," गौतमचंद म्हणाला. "पण तुम्हाला काय सांगायचं, पंडितभाऊ."

पंडित डाळमिलमध्ये हजेरीबुक लिहायचा; यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्र्याऐंशी साली टपालाने रेडिओचा कोर्स केला होता तो प्रमिलाने. तिने दुरुस्त केलेला पहिला सेट वाजला तेव्हा शेजारी पंडितच्या पाठीवर थाप मारून गेले, आणि तो गप्प बसला. चार वर्षांत अख्ख्या पिंप्राळ्यात तो 'रेडिओवाले भाऊ' झाला. आयत्या बिळावर नागोबा, तोही फणा काढून बसलेला.

"लावून बघा ना." गौतमचंदने मागचं झाकण काढलेला एक मुका रेडिओ पुढे सरकवला.

पंडितने इंजेक्टर हातात धरला. कुठे टेकवायचा? दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती आणि दोघांनी माना पुढे केल्या. त्याच्या कानशिलांवर घाम आला.

"अहो, चष्मा घरीच राहिला ना तुमचा?" प्रमिला पुढे झाली. "द्या इकडे. तुम्ही सांगा, तसं मी लावते."

पंडितला चष्मा नव्हताच.

"आधी स्पीकरपाशी ना?"

"हं."

रेडिओतून बारीक शिट्टी उमटली.

"आता एकेक टप्पा मागे?"

"हं."

दोन टप्पे शिट्टी आली, तिसऱ्याला बंद पडली. प्रमिलाने वाकून पाहिलं. "इथला तारेचा टाका सुटलाय. होय ना?"

"हं."

"वा!" गौतमचंद खूश झाला. "वहिनींनाही तयार केलंत की!"

खरं सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. प्रमिला त्याच्याकडेच पाहत होती. पंडित म्हणाला, "थोडंफार शिकवलंय." म्हणताक्षणी त्याला स्वतःची किळस आली. प्रमिलाने इंजेक्टर पुसून त्याच्या हातात दिला आणि ती पायऱ्या उतरली.

रिक्षाथांब्यावर त्यांच्या गल्लीतला वना भेटला.

"भाऊ, मना टेप बंद पडना शे. कव्हय लई येऊ?"

"रविवारी घेऊन ये," सवयीने पंडितच्या तोंडून निघून गेलं.

"रविवारी मी धुळ्याला चाललेय," प्रमिला म्हणाली. "माहेरी. महिनाभर."

पंडितने तिच्याकडे पाहिलं. हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

वना मोकळेपणी हसला. "मंग काय व्हयनं, वहिनी? भाऊ शे ना घर!"