हावगेप्पा जमादार मेलेल्याशी बोलले

हावगेप्पा जमादारांची नोकरी राहिली आणि रत्नम्मा अक्कांची शंका फिटली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. चौकशी चालू आहे, निकाल लागलेला नाही, आणि मला तर काहीच माहीत नाही. आपण आगीपासून सुरुवात करू.

आळंदचा उरूस होता म्हणून गुलबर्ग्याचा आगीचा बंब जमादारांसकट आणि आमच्यासकट तिथं बंदोबस्ताला उभा होता. उरुसात आग लागली नाही. आग लागली खजुरीच्या वाटेवर, चनमल्लप्पांच्या कापसाच्या गोदामाला, भर दुपारी, जिथं बंदोबस्त नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा लोक पाणी मारत होते आणि आमच्याकडं बघत होते. बघणं जास्त होतं. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला काही वर्षं झाली होती, तरी खाकी कपडे दिसले की माणसं आधी कोंबड्या आत घ्यायची. आमच्या हातात पाण्याची नळी दिसत असूनही एका म्हातारीनं विचारलं, "काय न्यायला आलाव?"

आत दोघं होते. राखणदार ग्यानबा सरकीच्या ढिगामागं, तोंडावर ओलं पोतं धरून खोकत होता. त्याला मी एका पायाला धरून ओढत बाहेर आणलं. वाटेत उंबरा आला, तो त्यानं डोक्यानं ओलांडला. बाहेर पडल्यावर ग्यानबा म्हणाला, "मालक मागच्या खोलीत हायेत."

मालक होते, पण धुरानं आधीच गेले होते. जमादारांनी नाकाशी हात धरला, छातीला कान लावला, आणि टोपी काढली.

जमादारांची ही पद्धत होती. मेलेल्या माणसासमोर टोपी काढायची, त्याला हाक मारायची, आणि जे करायचं ते त्याला सांगून करायचं. मी बंबावर नवा होतो तेव्हा त्यांना कारण विचारलं होतं. म्हणाले, "मडिवाळप्पा, न सांगता तुझ्या अंगाला कुणी हात लावला तर चालंल का?"

"मेल्यावर चालंल की."

"मग तू मर. तुला न सांगता उचलतो."

तर आत जमादार बोलायला लागले, आणि गोदामाची भिंत होती पत्र्याची.

"अप्पा, मी हावगेप्पा, बंबवाला. उचलायलोय हं. मूठ जरा सोडा, अप्पा. सोडा. दोरा अडकलाय. हां, शाबास."

चनमल्लप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं होतं आणि त्याचा दोरा कापसाच्या गाठीच्या लोखंडी पट्टीत अडकला होता. जमादारांनी एकेक बोट उघडून दोरा सोडवला, लिंग पुन्हा त्यांच्याच हातात ठेवलं, बोटं मिटवली, आणि आम्ही त्यांना घोंगड्यावर घेऊन बाहेर आलो.

 चनमल्लप्पांचे धाकटे भाऊ वीरभद्रप्पा पुढं झाले. भावाच्या तोंडाकडं बघितलं, मग जमादारांच्या.

"आत्ता तर बोलायलते!"

"मी बोलायलतो," जमादार म्हणाले.

"एकलेच?"

"न्हाई. त्यांच्यासंगं."

इथं जमादार संपले. गर्दीत एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि परत वीरभद्रप्पांपर्यंत आलं तेव्हा चनमल्लप्पांनी पाणी मागितलं होतं आणि जमादारांनी ते दिलं नव्हतं.

"मूठ सोडा म्हणलाव ते आम्ही ऐकलंय. मुठीत काय होतं?"

"लिंग."

"आन् आता काय हाय?"

"लिंगच."

"बघा!" वीरभद्रप्पा लोकांना म्हणाले. काय बघायचं ते कुणालाच कळलं नाही, पण सगळ्यांनी माना हलवल्या.

तेवढ्यात पोलिसांचे अमीनसाहेब आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हिशेब मांडला. "मुर्द्याशी कुणी बोलत नाही. तुम्ही बोललात. म्हणजे ते जिंदा होते. मग मेले कसे?"

"मेलेच होते, साहेब."

"मग बोलण्याचा सबब?"

"अदब, साहेब."

हे उत्तर साहेबांना सर्वांत संशयास्पद वाटलं. त्यांनी जमादारांचा पट्टा काढून घेतला आणि त्यांना लिंबाखाली बसवलं.

रत्नम्मा अक्का इतका वेळ नवऱ्याच्या उशाशी होत्या. त्या उठून लिंबाखाली आल्या. "जमादार, शपथ नगं. निस्तं सांगा. तुम्ही बोलायलताव तवा त्यांनी ऐकलं का? ऐकलं आसंल तर ते जित्ते होते. जित्ते होते तर वाचले आसते. येवढंच कळू द्या मला. न्हाई तर ह्येच जलमभर ऐकत बसंन मी."

'नाही' म्हणायला काय जात होतं? मी मागून खुणावलं सुद्धा. पण जमादार म्हणाले, "दम न्हवता, अक्का. छातीबी गप होती. मेलेलं मानूस ऐकतंय का, त्ये मला ठाऊक न्हाई."

"ठाऊक न्हाई म्हणतोय!" वीरभद्रप्पा ओरडले.

त्या गोंधळात बाजेवरचा ग्यानबा उठून बसला. त्याची तक्रार वेगळीच होती. "मालकाला अप्पा-अप्पा, आन् मला? मी काय सरकीचं पोतं हाय? डोस्कं फुटलं माझं!"

रत्नम्मा त्याच्याजवळ गेल्या. कपाळावरचं टेंगूळ बघितलं, फाटका सदरा बघितला, सोललेलं कोपर बघितलं.

"ह्याला कुणी आणलं?"

"मी," मी म्हणालो.

"आणताना काय बोललास?"

"बोललो न्हाई, अक्का." मग अमीनसाहेब बघायलेत म्हणून खरं सांगितलं. "एक शिवी दिली."

"कामून?"

"घाई होती. जित्ता होता."

अक्का परत नवऱ्याकडं गेल्या. घोंगडं बाजूला केलं. रुमाल डोक्यावर जिथला तिथं, धोतराची निरी मोडलेली नाही, अंगावर ओरखडा नाही. मूठ बघितली. बराच वेळ मुठीवर हात ठेवून बसल्या.

"मेलेच होते," त्या म्हणाल्या. "जित्ते आसते तर बंबवाल्यांनी आसं जपून आणलं नसतं." आणि मग पहिल्यांदा रडल्या.

पण अमीनसाहेबांचा हिशेब तसाच होता. पुढं तर तो वाढला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं देह बसवायचा होता. भाऊबंद घाबरत हात लावायला लागले तशा अक्का म्हणाल्या, "थांबा. जमादारांला बसवू द्या. त्यांची सवय झालीया ह्यांला."

पट्टा नसलेले जमादार आले. "अप्पा, बसा आता. पाठीला हात हाय माझा."

क्रियेसाठी आलेल्या जंगमस्वामींनी वाकून चनमल्लप्पांच्या कानात मंत्र सांगितला. वीरभद्रप्पांनी पाय धरून हंबरडा फोडला, "अण्णा, येकदा बोल की रं!"

अक्कांनी डोळे पुसले आणि अमीनसाहेबांकडं वळल्या. "साहेब, आता स्वामींलाबी धरा. आन् माझ्या दिरालाबी. त्यो तर जाब मागायलाय."

साहेबांनी स्वामींकडं बघितलं, दिराकडं बघितलं, मग सगळ्या गर्दीकडं. सगळी गर्दीच चनमल्लप्पांशी बोलत होती. साहेबांनी पट्टा परत दिला. स्वामींकडं काढून घ्यायला पट्टाच नव्हता.

तरी संशय मिटला असं कुणी म्हणत नाही. प्रकरण हैदराबादला गेलं आहे आणि वरून मला विचारलंय की, असा घोटाळा पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं. माझं म्हणणं सादर करतो:

मेहेरबान सरकारास मडिवाळप्पा बंबवाला याचा अर्ज ऐसाजे. यापुढं आगीत मयत होणाऱ्या प्रत्येक इसमानं, बंब येण्यापूर्वी, आपण खरोखर मयत असल्याचा तोंडी जबाब दोन पंचांसमक्ष स्वतः द्यावा; आणि जमादार बोलत असताना मधे उत्तर देऊ नये, असा सक्त हुकूम सर्व संबंधित मयतांस व्हावा, ही विनंती.