एसीच्या पाण्याची वाट

गाडी बनवणाऱ्यांनो, चारशे पानांचं पुस्तक देता, त्यातली बारा पानं रेडिओवर खर्च करता, आणि एसीचं पाणी कुठून बाहेर पडतं ते सांगायला तुमच्याकडे एक ओळ नाही?

वीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त करणारा प्लंबर सकाळपासून स्वतःच्याच गाडीखाली उताणा पडला होता. पुढच्या सीटच्या पायथ्याशी कार्पेट चिंब झालं होतं आणि दुपारी सासऱ्यांना हॉस्पिटलातून आणायचं होतं. त्यांच्या पायाला ताजे टाके होते. पाय लांब करायला पुढचीच सीट हवी होती, आणि टाक्यांना पाणी लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"सापडलं का काही?" बायकोने वाकून विचारलं.

"कसलं सापडतंय! आत तळं, बाहेर टिपूस नाही. डोकंच चालेनासं झालंय."

"जगाच्या गळत्या काढता आणि घरच्या गाडीत ही तऱ्हा! बाबांना काय होडीतून आणू?"

तेवढ्यात इंजिनामागच्या पत्र्यातून डोकावणारी बोटभर रबरी नळी त्याच्या हाताला लागली. तिच्या तोंडात बूच होतं आणि वर पांढऱ्या टेपचे सात वेढे. असे वेढे फक्त तोच द्यायचा.

"अगं, हे मीच बंद केलंय! गेल्या महिन्यात इथून ठिबकत होतं, म्हटलं गळतंय..."

त्याने बूच उपटलं. गार पाणी धो धो तोंडावर आलं. बायकोने हसत हसत कार्पेट ओढून उन्हात टाकलं, पण तो तसाच पडून राहिला. जन्मभर थेंब थांबवून पोट भरलेल्या माणसाला, हा थेंब पडायलाच हवा, हे कोणी सांगायचं होतं? बोला!