फुगलेल्या नूडल्स

ओकबुनचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेल्यापासून घरात दोन्ही वेळा तांदळाची पेजच शिजत होती. तिच्या नवऱ्याला, मानगिलला, तेवढंच येत होतं. त्या दुपारी तिने वाडगा दूर सारला.

"अहो, पुन्हा पेज पुढ्यात आली ना, तर मी लेकीकडे बुसानला निघून जाईन. मला जाजांगम्यॉन हवंय."

"मागवतो की."

"मागवायचं नाही. वांगमालकांचं हॉटेल बंद झाल्यापासून बाहेरचं घशाखाली उतरत नाही. तुम्ही करा."

मानगिल हबकला. उमेदीची सगळी वर्षं तो वांगमालकांची पत्र्याची पेटी सायकलवर घेऊन गुनसान गावभर जाजांगम्यॉन पोचवत हिंडला होता. पण त्या नूडल्सवरचा काळा रस्सा शिजतो कसा, हे त्याने कधी धड पाहिलं नव्हतं.

"टपालवाल्याला काय पत्रंही लिहिता येतात?" असं पुटपुटत तो बाजारात गेला आणि डुकराचं मटण, कोबी, कांदे, काकडी, नूडल्स नि चुनजांगचं, म्हणजे काळ्या सोयाबीन पेस्टचं, पाकीट घेऊन आला.

ओकबुन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली.

"आधी ते चुनजांग तेलात परता. कडवट वास जाईस्तोवर."

काळी पेस्ट तेलात पडली आणि तडतडायला लागली. मानगिल दचकून मागे सरला, तोवर पांढऱ्या बनियनवर काळी नक्षी उमटली होती.

"बनियनलाही वाढलंत वाटतं!" ओकबुन खुदकन हसली.

मग मटण, कांदा, कोबी पडला, शेजारच्या पातेल्यात नूडल्स उकळायला गेल्या. परतलेल्या चुनजांगचा खमंग वास घरभर पसरला, तसा मानगिलचा हात मंदावला. त्याला बसस्टँडची तिकीटखिडकी दिसायला लागली. काचेवर साचलेली वाफ, आत कोळशाची शेगडी, आणि तिकिटं फाडून थंडीने लाल झालेली तरुण ओकबुनची बोटं. तो काचेवर टिचकी मारायचा, ती एका हाताने तिकीट देत दुसऱ्या हाताने वाडगा आत घ्यायची.

"आठवतं, एकदा बर्फात माझी सायकल घसरली होती?"

"न आठवायला काय झालं! रिकामी पेटी घेऊन तोंड पाडून उभे होतात. माझ्या डब्यातला अर्धा भात तुम्हीच खाल्लात."

"मुळ्याचं लोणचंसुद्धा."

"ते मी दिलं नव्हतं. तुम्ही उचललंत!"

दोघं हसत सुटली. बर्फ, स्टँड, तिच्यावर सदा खेकसणारा तो टक्कल पडलेला स्टँडमास्तर, एकातून एक निघत गेलं. मानगिलला भान आलं तेव्हा नूडल्स पातेल्यात दुप्पट फुगल्या होत्या.

"गेलं सगळं मुसळ केरात! थांब, दुसऱ्या टाकतो."

"हात लावाल तर खबरदार! मला अशाच आवडतात."

"फुगलेल्या?"

"तुम्ही दुसऱ्या कधी आणल्यात? मला वाटायचं, जाजांगम्यॉन असंच असतं. लग्नाच्या दिवशी वांगमालकांनी ताज्या नूडल्स वाढल्या, तर मी म्हटलं, 'या कच्च्या राहिल्यात.' मालक पोट धरून हसले. म्हणाले, 'पोरी, स्टँड आपल्या मागच्याच गल्लीत, पण हा पठ्ठ्या तुझा वाडगा गावभर फिरवून सगळ्यात शेवटी पोचवायचा. पुढच्या ऑर्डरची घाई नको म्हणून.'"

मानगिलचे कान लाल झाले. इतकी वर्षं ते आपलं एकट्याचं गुपित आहे, अशी त्याची समजूत होती.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"मला कुठे तक्रार करायची होती?"

त्याने मान खाली घालून वाडगा भरला, वर रस्सा ओतला, काकडीचे काप पसरले. नूडल्स काळ्याभोर होईपर्यंत कालवल्या आणि खुर्चीजवळ बसून पहिला घास तिच्या तोंडाशी नेला. तिच्या हनुवटीवर ओघळलेला रस्सा त्याने अंगठ्याने पुसला.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा तोंड उघडलं.